तक्रार बंद करण्यापूर्वी

नानांच्या घरचं इंटरनेट बिघडलं ते एका रविवारी सकाळी, लेकीच्या जांभईच्या ऐन मध्यावर. एकुलती एक लेक, दूरदेशी राहणारी, आठवड्यातून एकदा पडद्यावर तोंड दाखवणार, आणि नेमकी तेव्हाच आ वासून थिजलेली. नाना "हॅलो, हॅलो" करत राहिले. चहावर साय धरली. शेवटी चित्र हललं तेव्हा लेक "बरं, ठेवते हं बाबा" म्हणत होती, आणि नानांना जे काही विचारायचं होतं ते सगळं पोटातच राहिलं.

आता, नाना म्हणजे काही "चालायचंच" म्हणून गप्प बसणारा माणूस नव्हे. उभी हयात त्यांनी लिफ्ट तपासनीस म्हणून काढलेली. इमारतीत जायचं, लिफ्टच्या पोकळीच्या भिंतीला कान लावायचा, आणि कुठं कुरकुर, खरखर, टकटक ऐकू आली की लिफ्ट बंद. "आवाज आला की त्याला मूळ असतंच, आणि मूळ सापडल्याशिवाय मी हलणार नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा एका उंच इमारतीतल्या लोकांना त्यांनी आठवडाभर जिने चढायला लावले होते. लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली, पण नाना ढिम्म. शेवटी एक ढिला नट सापडला. तो खिशात घालून त्यांनी मोठ्या ऐटीत घरी आणला आणि बायकोला दाखवला. बायको म्हणाली, "छान. आता जरा आपल्या स्वयंपाकघरातल्या नळालाही कान लावा."

तो नळ ही एक वेगळीच कथा होती. सिंकवरचा नळ गळायचा. काम काय, तर नळ बदलायचं, फार तर पाच मिनिटांचं. पण नाना "उद्या बघतो" म्हणायचे आणि तो उद्या कधी उजाडायचा नाही. "ह्यांना साऱ्या जगाचे आवाज ऐकू येतात, घरचा तेवढा येत नाही," असं ती पाहुण्यांसमोर सांगायची. मग तिनं आपल्यापुरता मार्ग काढला होता. दुपारी आडवं व्हायच्या आधी ती नळाखाली फडक्याची घडी ठेवायची. टपटप बंद होऊन नुसतं मऊ थप, थप व्हायचं, आणि त्या आवाजावर दोघांचा डोळा लागायचा.

ती गेली आणि आठवड्याच्या आत नानांनी नळ बदलला. काम झाल्यावर पाना हातात धरून ते सिंकला टेकून उभे राहिले आणि लहान मुलासारखे हमसून रडले. त्यानंतर घर इतकं गप्प झालं की फ्रिज बंद पडलेला बाहेरच्या खोलीत कळायचा. नाना पेपर वाचायचे, खिडकीत उभे राहायचे, खाली जाऊन दूध आणायचे. कधी लिफ्टमध्ये शेजारीणबाई भेटायच्या आणि "काय नाना, आज लिफ्ट पास की नापास?" म्हणायच्या. नाना म्हणायचे, "बघू." दिवसभरातलं बोलणं ते एवढंच.

म्हणून त्या रविवारच्या फोनचं इतकं महत्त्व. तो नीट लागायलाच हवा होता, नाहीतर नानांचं उरलं काय? सोमवारी सकाळीच त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक मधाळ आवाजाची मुलगी होती.

"सर, राउटर बंद करून चालू करून पाहिलात का?"

"पाहिला."

"पुन्हा एकदा पाहता का, प्लीज?"

"हे बघा बाई, मी आयुष्यभर यंत्रं तपासली आहेत. बंद करून चालू केल्यानं यंत्र दुरुस्त होत नसतं. ते फक्त विसरतं. तुम्ही माणूस पाठवा."

मुलीनं तक्रार नोंदवून घेतली. माणूस काही आला नाही. आला तो फक्त निरोप, की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्याशी जोडलेले राहिल्याबद्दल धन्यवाद. नानांनी राउटरकडे पाहिलं. टीव्हीशेजारचा तो काळा डबा आपले हिरवे दिवे मिचकावत बसला होता, जणू त्यानं कुणाचं काही बिघडवलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. लेक बोलता बोलता थिजली, अर्धे डोळे मिटलेले, एक हात हवेत. पण या वेळी आवाज चालू राहिला. आवाज लेकीचाच होता आणि ती खळखळून हसत होती.

"आई, तू मध्ये मध्ये बोलू नकोस गं! बाबांना सांगू दे ना!"

मग चित्र हललं. लेकीच्या कपाळावर आठ्या होत्या. "बाबा? केव्हाची हाका मारतेय. ऐकू येतंय का?"

"आत्ता तू आईला काय म्हणालीस?"

"मी वॉशिंग मशीनचं सांगत होते, बाबा." मग आवाज उतरवून म्हणाली, "तुम्ही नीट जेवताय ना? खरं सांगा. झोप लागते ना?"

"हो गं. कुणाची तरी लाइन मिसळली असणार." जुन्या टेलिफोनच्या काळात क्रॉस कनेक्शन लागायचं, परक्याच्या घरातली भांडणं फुकटात ऐकायला मिळायची. तसंच काहीतरी असणार. पोरींचे आवाज फोनवर सारखेच वाटतात. नानांनी स्वतःची अशी समजूत घातली, पण दिवसभर ते हसणं त्यांच्या कानातून जाईना. पोर अशी हसलेली ऐकून किती काळ लोटला होता!

दुसऱ्यांदा तक्रार करताना त्यांचा पारा चढलेलाच होता. "माणूस न पाठवता तक्रार बंद करता? ही कुठली पद्धत?"

"सर, तक्रार बंद करण्यापूर्वी आम्ही ग्राहकाला फोन करून विचारतो. ग्राहक हो म्हणाला तरच बंद करतो. आम्ही फोन केला होता, आणि आता छान चालतंय असं आपणच सांगितलंत."

"मी?"

"हो सर. याच नंबरवर."

"अहो, माझा फोन वाजलासुद्धा नाही!"

"आमच्याकडे तसंच दिसतंय, सर. अजून काही मदत करू शकते का?"

नानांनी फोन ठेवला. कामचुकार माणूस त्यांना दुरूनही ओळखता यायचा. फोन न करताच "केला" म्हणायचं, झालं काम! त्यांनी तिसऱ्यांदा तक्रार केली, चौथ्यांदा केली, आणि प्रत्येक वेळी ती बंद झाली. नाना हट्टाला पेटले. रोज सकाळी पेपर वाचून झाला की ते फोन लावायचे, आणि शेवटी कंपनीनं हात टेकले.

नेटवाला आला तो दुपारचा. पाठीवर पिशवी, कमरेला पक्कड, तोंडात साखर. दारातच म्हणाला, "काकूंनी बरोबर खूण सांगितली हो काका. लिफ्टमधून बाहेर आलं की समोरचंच दार. नाहीतर मी वरच्या मजल्यावर शोधत बसलो असतो."

"कुठल्या काकूंनी?"

"तुमच्याकडच्या. खालून फोन केला ना आत्ता. त्यांनीच उचलला. या म्हणाल्या, चहाच टाकतेय."

नानांनी खिशातून फोन काढला. सकाळपासून त्यावर एकही फोन आलेला नव्हता. नेटवाल्यानं आपला फोन पुढे केला. नंबर नानांचाच होता, लागलेला होता, बोलणंही झालेलं होतं.

"मी इथं एकटा राहतो," नाना म्हणाले.

नेटवाला हसला. मग त्याचं लक्ष नानांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तो हसायचा थांबला. त्यानं मुकाट्यानं डबा तपासला, तार तपासली, जिन्यातली पेटी उघडून पाहिली. सगळं ठणठणीत होतं. काम करताना तो मधूनच स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "काका, तक्रार बंद करतानाचा प्रत्येक फोन कंपनी रेकॉर्ड करून ठेवते. धोशा लावलात तर ऐकवतील." लिफ्ट समोरच उभी होती, तरी तो जिन्यानं उतरला. ते नानांच्या नजरेतून सुटलं नाही.

धोशा लावणं हा तर नानांचा हातखंडा. मुलीनं त्यांना वरिष्ठाकडे दिलं, वरिष्ठानं टाळाटाळ केली, नानांनी पिच्छा सोडला नाही. अखेर एका सकाळी वरिष्ठ खोकत खोकत म्हणाला, "सर, हे आम्ही सहसा ऐकवत नाही. पण एकदाचं ऐका, म्हणजे तुमचंही समाधान होईल आणि आमचंही."

आधी थोडी खरखर झाली. मग ती मधाळ मुलगी बोलली. "सर, आपल्या तक्रारीसंबंधी फोन केला होता. सेवा सुरळीत झाली आहे का?"

"थांबा हं, विचारून सांगतो."

तो नानांचाच आवाज होता. त्यात वादच नव्हता. 'हं' म्हणताना नाकातून येणारा हुंकारसुद्धा त्यांचाच. "अगं, नेट कसं चालतंय विचारतायत कंपनीवाले."

मग लांबून, दुसऱ्या खोलीतून, कुणीतरी खाकरलं. परक्या माणसाशी बोलायच्या आधी, अगदी फोनवरही, नानांची बायको अशीच हलकेच खाकरायची.

"चालतंय म्हणावं. काल पोरीशी किती छान बोलणं झालं! करून टाका म्हणावं बंद तक्रार."

आणि त्या आवाजाच्या मागे, बारीक पण स्पष्ट, टप. टप. टप.

नानांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. कुणी टवाळ त्यांचा आवाज काढील, तिचाही काढील एक वेळ. पण तो नळ? तो नळ गळायचा हे चार पाहुण्यांनी ऐकलं असेल, पण ते कोण कशाला लक्षात ठेवील? गळणाऱ्या नळाचा आवाज त्या स्वयंपाकघरातला होता, जिथं अजून कुणी नळ बदलला नव्हता. कारण बदलायचं काही कारणच घडलं नव्हतं.

"पुन्हा ऐकवा," नाना म्हणाले.

"सर?"

"एकदाच. पाया पडतो तुमच्या."

वरिष्ठाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं काही न विचारता पुन्हा लावलं. संपल्यावर तो म्हणाला, "मग सर, आता तक्रारीचं काय करू? पुढे चालवू का?"

"नको," नाना घाईघाईनं म्हणाले. "काहीही करू नका. कुणाला पाठवू नका, कशाला हात लावू नका. आहे तसं राहू द्या."

त्या दिवसापासून नाना लेकीला रोज फोन करू लागले. तिला आधी नवल वाटलं, मग बरं वाटलं. पण नाना बोलायचे कमी. ते वाट बघायचे ती चित्र थिजण्याची. पोरीचा चेहरा दगडासारखा थांबावा म्हणून बाप देव पाण्यात घालून बसलेला! नानांना याची लाज वाटायची, आणि तरी चित्र थांबलं की त्यांचे कान टवकारायचे.

ऐकू यायचं ते अगदी साधं. तिची शिंक. "माझा चष्मा पाहिलात का?" "खिडकी लावा हो, वारा येतोय." पोरीला पुलावासाठी पाणी किती घालायचं ते सांगणं, आणि ते सांगताना शेजारून नानांनी उगाच नाक खुपसणं. तो पलीकडचा नाना मधूनच तिच्यावर खेकसायचा. "किती वेळ तेच तेच सांगतेस!" असं तो म्हणाला की अलीकडच्या नानांच्या मुठी वळायच्या. मूर्खा, त्यांना वाटायचं, काय आहे तुझ्याजवळ ते तुला कळतंय का! पण त्यांना तरी ते कधी कळलं होतं?

लेक मात्र काळजीत पडली. "बाबा, हल्ली तुम्ही माझ्याशी बोलत नाही. नुसते कान देऊन बसता. मी येऊ का काही दिवस?"

"नको गं. तुझा आवाज ऐकला की झालं," नाना म्हणाले, आणि हे खोटं बोलताना त्यांना तिच्याकडे बघवेना.

एका संध्याकाळी राहवलं नाही. चित्र थांबलं होतं, पलीकडे ती काहीतरी पुटपुटत होती, आणि नाना पडद्याशी वाकून एकदम म्हणाले, "अगं, मी आहे. मी इथं आहे."

पलीकडे सगळं थांबलं. नळ तेवढा टपटपत राहिला.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "त्या रविवारचाच आवाज. हॅलो हॅलो करत होता तो."

"म्हातारा कुणीतरी लाइनीत घुसलाय," पलीकडचा नाना म्हणाला. "पोरगीसुद्धा तेव्हा दचकली."

"पण अगदी तुमच्यासारखा वाटतो हो."

"काहीतरीच तुझं! आवाज आला की त्याला मूळ असतंच. मूळ सापडल्याशिवाय मी हलतोय होय?"

या माणसाला नाना पुरतं ओळखून होते. उंच इमारतीतली माणसं शिव्या देत जिने चढत असताना जो ढिम्म हलला नाही, तो हा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरही न उघडता त्यांनी कंपनीला फोन लावला.

"माझ्या नावावर काही नवी तक्रार आहे का?"

"हो सर, आपणच आज सकाळी केलीत," मुलगी म्हणाली. "बोलताना मधूनच एका वृद्ध माणसाचा आवाज येतो, अशी. तो 'मी आहे, मी इथं आहे' म्हणतो. घरच्यांना त्रास होतो. मूळ सापडेपर्यंत तक्रार बंद करायची नाही असं आपण बजावून सांगितलं आहे."

"मी ती मागे घेतोय."

"चालेल सर. खात्री करायला आम्ही आपल्याला फोन करू."

"बाई, मी आत्ता तुमच्याशीच बोलतोय ना!"

"नियम आहे सर. फोन आमच्याकडून गेला पाहिजे."

नाना फोन तळहातावर धरून बसले. एवढं जपून त्यांनी कधी काही धरलं नसेल. उन्हाचा पट्टा टीव्हीवरून सरकत राउटरवर आला आणि भिंतीवर गेला. फोन वाजला नाही. आला तो निरोप. आपल्या इच्छेनुसार तक्रार सुरू ठेवण्यात आली आहे, उद्या दुपारी आमचे कर्मचारी आपल्या घरी येतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी नानांच्या दारावर कुणीच आलं नाही. कर्मचारी गेले होते, पण ते पलीकडच्या घरी. नानांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, कामावर आहे मी. पाचच मिनिटं हं," ती म्हणाली आणि थिजली.

पलीकडे पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. नेटवाल्याचा गोड आवाज आला. "सापडलं बघा काका. हीच तार. ही बदलली की एकदम स्वच्छ."

"बदला," पलीकडचा नाना म्हणाला.

"अहो," ती म्हणाली. "असू द्या की."

"असू द्या काय?"

"काय त्रास देतो तो आपल्याला? मधूनच दोन शब्द बोलतो. एकटा असेल हो बिचारा."

नानांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. तिला हाक मारावी, काहीतरी सांगावं, इतकं सगळं सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. ते निघालं त्या दुसऱ्या माणसासाठी.

"अरे, तो नळ बदल आधी! किती वर्षं सांगतेय ती!"

पलीकडे पावलं वाजली.

"काय म्हणाला हो तो?" तिचा आवाज अगदी जवळ आला, पडद्याला कान लावल्यासारखा. "नळ म्हणाला?"

"बदला म्हटलं ना ती तार!"

"थांबा," ती म्हणाली. "जरा थां—"

लेकीचं चित्र हललं.

ते इतकं स्वच्छ झालं होतं की तिच्या भुवईवरचा लहानपणचा व्रण दिसत होता. "अय्या, बाबा!" ती म्हणाली. "किती स्पष्ट दिसताय! झालं वाटतं दुरुस्त एकदाचं."

"हो," नाना म्हणाले. "झालं."

मग ते लेकीशी खूप बोलले. वॉशिंग मशीनचं विचारलं, तिच्या कामाचं विचारलं, ये म्हणाले काही दिवस. लेकीनं पाच मिनिटं कधीच ओलांडली होती. चित्र एकदाही थांबलं नाही.

त्यानंतर ते कधीच थांबलं नाही. नाना आठवडाभर पडद्यापुढे बसून राहिले. कंपनीविरुद्ध बोलायला जागा नव्हती, अशी सेवा.

शेवटी त्यांना एक सुचलं. तक्रार बंद झाली म्हणजे ती बंद करण्यापूर्वी फोन गेला असणार. तो रेकॉर्ड झाला असणार. त्यात मागे कुठंतरी ती असेल, खाकरेल तरी. दुपारचं जेवण उरकून त्यांनी खोकणाऱ्या वरिष्ठाला गाठलं. त्यानं आता आढेवेढे घेतले नाहीत.

खरखर. मग मुलगी. "सर, आपण सांगितलेला तो आवाज आता बंद झाला आहे का?"

"झाला," नानांचा आवाज म्हणाला.

मागे काहीच नव्हतं. नाना कान दाबून ऐकत होते. खाकरणं नव्हतं, पावलं नव्हती. नळसुद्धा नव्हता. फ्रिज घरघरत होता, तो खट्‌कन बंद पडला तेवढं कळलं.

"घरातल्या बाकीच्यांनाही आता काही त्रास नाही ना, सर? मागच्या वेळी मॅडम बोलल्या होत्या."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाकी कुणी नाही," तो आवाज म्हणाला. "मी एकटाच आहे."

"सॉरी सर. मग तक्रार बंद करू ना?"

"तार बदलली तेव्हा होती इथं," तो आवाज म्हणाला. "नळ बघून येते म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली."

"सर?"

"करा बंद."

रेकॉर्डिंग संपलं. वरिष्ठ काहीतरी विचारत होता. नानांनी फोन हळूच टेबलावर ठेवला.

दुपारची आडवं व्हायची वेळ झाली होती. घरात काही हलत नव्हतं. राउटरचे हिरवे दिवे एका जागी स्थिर होते.

आत, स्वयंपाकघरात, नळ गळायला लागला.

टप. टप. टप.

तो नळ नानांनी स्वतःच्या हातानं बदलला होता, तरीही ते उठले नाहीत. खुर्चीचे हात घट्ट धरून, दाराकडे पाठ करून ऐकत राहिले.

थोड्या वेळानं तो आवाज मऊ झाला.

थप. थप. थप.